व्हीएसडीचं बाळ, ऑपरेशन तीन-चार महिन्यांनी : गोळीतून ३ मि.ग्रॅ.चा डोस कसा काढायचा?

उपकेंद्र_राजापूर
नमस्कार. बाळ २४ दिवसांचं, वजन २ किलो ९००, मोठा व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक). मुंबईच्या हृदयतज्ज्ञांनी वजन वाढवून तीन-चार महिन्यांनी ऑपरेशन करायचं ठरवलंय. डिस्चार्ज कार्डावर फ्युरोसेमाइड ३ मि.ग्रॅ., स्पायरोनोलॅक्टोन ३ मि.ग्रॅ. (ही दोन्ही लघवीची औषधं) आणि एनालाप्रिल ०.१५ मि.ग्रॅ. (हृदयावरचा ताण कमी करणारं), तिन्ही दिवसातून दोनदा. मुंबईहून दिलेली पातळ औषधं संपत आली. इथल्या दुकानात फक्त गोळ्या आहेत. फ्युरोसेमाइड ४० ची, स्पायरोनोलॅक्टोन २५ ची, एनालाप्रिल २.५ ची. घरचे गोळी वाटीत कुस्करून "चिमूटभर" द्यायला निघालेत.
१) गोळीतून नेमका डोस कसा काढायचा?
२) औषध दिल्यावर बाळ ओकलं तर?
३) आजी शहाळ्याचं पाणी चमचाभर द्यायचं म्हणतेय, "लघवी साफ होते". चालेल का?
पावसात घाट बंद पडला की औषध मागवणंही अवघड, म्हणून आत्ताच विचारतेय.

औषधनिर्माता_चिपळूण
ताई, पहिलं काम : मुंबईच्या बाटलीवरचं लेबल वाचा. एका मि.लि.मध्ये किती मि.ग्रॅ. आहे ते बघा. फ्युरोसेमाइडचं पातळ औषध बहुतेक वेळा १० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. असतं, म्हणजे ३ मि.ग्रॅ. म्हणजे ०.३ मि.लि. आई आजवर "०.३ ची खूण" पाठ करून देत असणार.

आता गोळी. ४० ची गोळी १० मि.लि. पाण्यात फोडली की ४ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. होतं, तेव्हा ३ मि.ग्रॅ. म्हणजे ०.७५ मि.लि. इथेच घात होतो. महिन्याभराने पुन्हा बाटली मिळाली आणि सवयीने ०.७५ च दिलं, तर बाळाच्या पोटात ७.५ मि.ग्रॅ. जातात, म्हणजे अडीचपट. उलट बाजूने, गोळीच्या पाण्यातून ०.३ दिलं तर जेमतेम १.२ मि.ग्रॅ. म्हणून घरच्यांना मि.लि. पाठ करू देऊ नका. भिंतीवरच्या कागदावर औषधाचं नाव, मि.ग्रॅ., "आत्ताच्या औषधाचे" मि.लि. आणि तारीख लिहा. औषधाचं रूप बदललं की जुना कागद फाडायचा.

कृती अशी. १० मि.लि.ची सुई नसलेली सिरिंज घ्या. दांडा काढा, गोळी आत टाका, दांडा परत बसवा. उकळून गार केलेलं पाणी सिरिंजच्या टोकातून १० च्या खुणेपर्यंत ओढा, टोपण लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग गोळी पूर्ण फुटेपर्यंत हलवा. वाटीत कुस्करलं की निम्मी पूड वाटीला आणि चमच्याला चिकटते, यात ती राहत नाही. फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पूड नुसती तरंगते आणि तळाशी बसते. म्हणून औषधाच्या छोट्या कपात ओतून ढवळता ढवळताच १ मि.लि.च्या सिरिंजने ओढायचं. निवळू दिलं की वरचं पाणी बिनऔषधी आणि तळाचं जहाल.

बाकी दोन : स्पायरोनोलॅक्टोन २५ ची गोळी ५ मि.लि.त, म्हणजे ५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि., द्यायचं ०.६ मि.लि. एनालाप्रिल २.५ ची ५ मि.लि.त, म्हणजे ०.५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि., द्यायचं ०.३ मि.लि. हे चांगलं विरघळतं. प्रत्येक वेळी नवी गोळी, उरलेलं फेकायचं. जीव हळहळतो, पण संध्याकाळसाठी ठेवलेल्या पाण्याचा भरवसा नाही. गोळीचे भाग करून पुड्या बांधणं आमच्याकडे सर्रास चालतं, पण पावसाळ्यात त्या दमट होऊन कागदाला चिकटतात आणि पुडीगणिक वजन वेगळं भरतं.

दुकानदाराने फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोनची एकत्र गोळी पुढे केली तर घेऊ नका. २० + ५० वाल्या गोळीतून ३ मि.ग्रॅ. फ्युरोसेमाइड काढलं की सोबत ७.५ मि.ग्रॅ. स्पायरोनोलॅक्टोन येतं.

बालरोग_कणकवली
वरचे आकडे या वजनाला जुळतात : फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन किलोमागे १ मि.ग्रॅ. एका वेळेला, एनालाप्रिल किलोमागे ०.०५. वजन वाढलं की डोस बदलतो, पण तो हृदयतज्ज्ञांनीच बदलायचा. आशाताई २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतीलच, पण या बाळाचं वजन दर आठवड्याला हवं, त्याच काट्यावर आणि कपडे काढून.

शहाळं अजिबात नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन व एनालाप्रिल दोन्ही शरीरातलं पोटॅशियम अडवून धरतात. ते फार चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. आजींना एवढंच सांगा की लघवीचं औषध आधीच चालू आहे. घुटी, मध, वरचं पाणी यातलंही काही नको. फक्त आईचं दूध. ओढताना दमत असेल तर काढलेलं दूध बोंडल्याने, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. एनालाप्रिल सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), सोडियम, पोटॅशियम तपासायला हवं. झालंय का, कार्डावर बघा.

ओकारी : अर्ध्या तासाच्या आत सगळं औषध बाहेर आलेलं दिसलं तर तोच डोस एकदाच पुन्हा. पुन्हा ओकलं तर थांबा आणि कळवा. डोस विसरला आणि चार तासांच्या आत आठवला तर द्या, नाहीतर सोडा. दुप्पट कधीच नाही. पुढे डिगॉक्सिन (हृदयाचं आणखी एक औषध) लिहून आलं तर नियम आणखी कडक : ओकलं तरी परत द्यायचं नाही. त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, ५० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि.च्या बाटलीतून १५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.३ मि.लि. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट जातं. त्या औषधावर ओकाऱ्या, दूध तोडणं, ठोके मंदावणं हीच विषबाधेची लक्षणं आहेत, आणि फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरलं असेल तर ती लवकर होते.

जुलाब, वारंवार ओकाऱ्या किंवा दूध निम्म्यावर आलं तर तिन्ही औषधं तशीच रेटू नका. कोरड्या पडलेल्या बाळात फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिल मिळून मूत्रपिंडाला मारतात. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून थांबवायची की कमी करायची ते ठरवा. आयबुप्रोफेन घरात असलं तरी याला नाही. आणि या वयात ताप म्हणजे थेट रुग्णालय, घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.

श्वास झोपेत, पूर्ण एक मिनिट मोजा. सतत ६० च्या वर, बरगड्या आत ओढणं, दूध पिताना कपाळावर घाम, एका पाजण्याला अर्धा तास, किंवा दिवसात अचानक १००-१५० ग्रॅम वजन वाढणं (हे अंगावर पाणी धरल्याचं, बाळसं नव्हे) असं काही दिसलं की पाठवा. कार्डाची प्रत बाळासोबत असू दे, म्हणजे व्हीएसडी आहे हे तिथे लगेच कळेल. मोठ्या व्हीएसडीत उगाच लावलेला ऑक्सिजन फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करतो आणि तिकडे जाणारा रक्ताचा लोंढा वाढवतो. धाप बघून सलाईन जोरात सोडणं तर त्याहून वाईट.

उपकेंद्र_राजापूर
आभार. १ मि.लि.ची सिरिंज म्हणून घरी आजोबांच्या इन्सुलिनच्या आहेत. त्या चालतील?

औषधनिर्माता_चिपळूण
नको. त्यावर मि.लि. नसून युनिट असतात, आणि आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही मिळतात. ०.३ मि.लि. पहिलीवर १२ वी खूण, दुसरीवर ३० वी. शिवाय बहुतेकांची सुई निघत नाही. ०.०१ च्या खुणा असलेली साधी १ मि.लि.ची ट्युबरक्युलिन सिरिंज मागा, सुई काढून टाका, आणि प्रत्येक औषधाच्या खुणेवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. कागदावर ".3" असं कधी लिहू नका, आधी शून्य हवंच. अंक सगळे मराठी किंवा सगळे इंग्रजी ठेवा, कारण घाईत मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा वाचला जातो.

नवजात_कक्ष_सिस्टर
एक वेगळी गोष्ट, कारण सगळे उपकेंद्रवाले हे वाचतात. घरी औषधांवर थांबणारी बाळं ती वरची. पहिल्या काही दिवसांत निळं पडणारं, किंवा पांढरंफटक होऊन मांडीची नाडी न लागणारं बाळ वेगळं. त्याचा डक्ट (हृदयाजवळची, जन्मानंतर मिटणारी जोड-रक्तवाहिनी) बंद होत असू शकतो, त्याला तो उघडा ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन ई-१ चं ड्रिप लागतं. ५०० मायक्रोग्रॅमची कुपी ५० मि.लि. डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे १० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. तासाचे मि.लि. = वजन (किलो) × डोस (किलोमागे मिनिटाला मायक्रोग्रॅम) × ६. तीन किलो, ०.०५ डोस : ०.९ मि.लि. तासाला. कुपी फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांवर.

औषधाचा असर काही मिनिटांत उतरतो, म्हणून दुसरी शीर आधीच लावून ठेवा आणि पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज. श्वास थांबणं हा ओळखीचा दुष्परिणाम, दोन किलोखालच्या बाळात जास्त, आणि बहुधा पहिल्या तासात. त्यामुळे ड्रिप चालू केल्यावर लगेच गाडी हलवू नका, तासभर बघा. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर असो की महामार्गाने मुंबई, अँब्यु बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क हाताशी हवा, आणि तो वापरता येणारी व्यक्ती मागे बाळाजवळ बसायला हवी. ऑक्सिमीटरवर ७५ ते ८५ दिसत असेल आणि बाळ गुलाबी नसलं तरी शांत असेल, तर शंभर करायच्या नादात ऑक्सिजन वाढवू नका, त्याने डक्ट आकसतो.

उपकेंद्र_राजापूर
समजलं. चिपळूणचे सर, पातळ औषध आधी मागवून ठेवायचं तर किती?

औषधनिर्माता_चिपळूण
फ्युरोसेमाइड आत्ताच्या डोसला दिवसाला ०.६ मि.लि., म्हणजे ३० मि.लि.ची बाटली हिशेबाने ५० दिवस. पण डोस वाढणार आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलावर असतं, म्हणून दोन बाटल्या मागवा, एक सीलबंद ठेवा. उजेडापासून लांब, खोक्यातच. आणि गोळ्यांचं एक पाकीट तरीही घरात असू दे, त्याच्या वेगळ्या मि.लि.च्या कागदासकट.