गणपतीतल्या आरोग्य शिबिरात एलपी(ए) तपासावं का?

लॅब टेक्निशियन, चिपळूण
चाकरमानी घरी आले की शिबिरं लागतात आणि तपासणी साखर-कोलेस्टेरॉलवर थांबते. माझं म्हणणं, एलपी(ए) (लायपोप्रोटीन-ए, हार्ट अटॅकचा धोका वाढवणारा रक्तातला चरबीचा कण) घ्याच. तो मुख्यतः आनुवंशिक. पथ्याने फारसा हलत नाही, म्हणून एकदा काढला तरी बहुतेकांना पुरतो. ५० मिग्रॅच्या वर निघाला तर भावंडांचं, मुलांचंही बघायचं. सगळं घर एकत्र सापडतं ते याच दिवसांत.

एमडी मेडिसिन, राजापूर
नाही पटत. खास एलपी(ए)साठी मंजूर झालेली गोळी अजून नाही. मग वाढलेला निघाला तर सांगणार काय? एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरवा, मिश्री-तंबाखू सोडा, बीपी आवरा. ते चाचणीशिवायही सांगता येतं.
आणि पॅकेजवाल्यांचं एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) तर भाद्रपदात मुळीच नको. साधा ताप, हिरडीची सूज, एवढ्यानेही तो चढतो. १०च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधा, बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. होमोसिस्टीनही (रक्तातलं एक अमिनो आम्ल) वगळा: फॉलिक अ‍ॅसिडने आकडा उतरतो, पण मोठ्या अभ्यासांत हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

लॅब टेक्निशियन, चिपळूण
सीआरपी, होमोसिस्टीन मान्य. पण "सांगणार काय" हे नाही. वय ४२, एलडीएल १३०, साखर नॉर्मल, वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक: स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) द्यायचं का, इथेच अडतं. एलपी(ए) ८० मिग्रॅ निघाला की पारडं औषधाकडे झुकतं. फक्त एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅमऐवजी नॅनोमोलमध्ये (कणांच्या संख्येच्या मापात) देतात. तिथे धोक्याची रेषा १२५ला. ११० नॅनोमोलला ११० मिग्रॅ समजून लोक उगाच हादरतात.

फार्मासिस्ट, देवगड
दोघांनीही फुकटातला आकडा सोडलात: नॉन-एचडीएल. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करा, झालं. उपाशी राहायलाही नको. एलडीएल पुष्कळदा मोजलेलं नसतं, हिशोबाने काढलेलं असतं (एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा, पाचवा भाग). एकूण २१०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३०० धरा. एलडीएल येतं ११५, बरं दिसतं. नॉन-एचडीएल मात्र १७५, म्हणजे जास्त! ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं तर ते सूत्रच चालत नाही.

एमडी मेडिसिन, राजापूर
नॉन-एचडीएल सगळ्यांचं काढा, त्याला माझा पाठिंबा. एलपी(ए) मात्र सरसकट नको. घरात पुरुषाला ५५च्या किंवा बाईला ६५च्या आत अटॅक आलाय, त्यांचंच घ्या.

लॅब टेक्निशियन, चिपळूण
मग नोंदणीच्या फॉर्मवर तो प्रश्न पहिला हवा, आणि काकांचा नव्हे, आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचा विचारायचा.