मदत हवी आहे: धडधाकट बोका अचानक गेला, आता त्याच्या बहिणीची तपासणी कुठे करू?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. आमचा बोका काल सकाळी गेला. तरणाताठा, सगळ्या लसी झालेल्या, घराबाहेर कधी जायचा नाही, रात्री पोटभर जेवला नं सकाळी खेळता खेळता एकदम ओरडून आडवा पडला, ऑटो मिळेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले बहुतेक हृदय, एचसीएम म्हणतात त्याला, हृदयाच्या भिंती जाड होतात आणि मांजर वरून ठणठणीत दिसतं, स्टेथोस्कोपनेही दरवेळी कळत नाही, इकोच, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. पोस्टमॉर्टेम झालं नाही म्हणून पक्कं कोणीच सांगू शकत नाही.

आता जीव टांगणीला लागलाय तो त्याच्या सख्ख्या बहिणीसाठी, हे रक्तातून येऊ शकतं नं. ती मस्त खाऊन-खेळून राहिली, पण तोही तसाच होता! सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात मांजरीचा इको होतो का, की दुसरीकडे जावं लागेल? खर्च किती, भूल देतात का? झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर सतत जात असतील तर दाखवा म्हणतात, ते नीट कसं मोजता तुम्ही? ज्यांनी मांजरीचा इको केलाय त्यांनी प्लीज सांगा, उद्याच घेऊन जायची तयारी आहे.