शब्दचर्चा : ‘वसाहतकालीन’ पुतळे ‘हटवायचे’ म्हणजे नेमकं काय?

पंचवटीकर : मुलीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय : ‘वसाहतकालीन व्यक्तींचे पुतळे हटवावेत का?’ तिची तयारी चाललीय, माझं घोडं मात्र पहिल्याच शब्दाशी अडलंय. ‘वसाहतकालीन’ बरोबर की ‘वसाहतवादी’? नाशिककरांना वसाहत म्हटलं की सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहतच आठवणार.

जुनं नाशिक : विषय काढणाऱ्याला दंडवत! वसाहतकालीन म्हणजे फक्त त्या काळातला. त्या हिशेबानं टिळक वसाहतकालीन, फुलेही. १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात गोळी खाणारा कलेक्टर जॅक्सन वसाहतकालीन आणि गोळी घालणारे अनंत कान्हेरेही. ‘मग टिळकांचाही पुतळा काढायचा का?’ असं प्रतिपक्षानं विचारलं तर लेक काय सांगणार? ‘वसाहतवादी’च हवं. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य पसरवणाऱ्या सेसिल ऱ्होड्सला ते चपखल बसतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एडवर्ड कोल्स्टनला तितकंसं नाही. त्याचा पैसा गुलामांच्या व्यापारातला, राज्य त्यानं केलं नव्हतं.

सिडकोवाली : मला ‘हटवणे’ जास्त खटकतं. रोज कानावर पडतं ते ‘अतिक्रमण हटवलं’. म्हणजे हटवा म्हणताच ती वस्तू अडचण ठरली, निकाल क्रियापदातच लागला. शिवाय सगळं एका मापात जातं. कोल्स्टनचा पुतळा जून २०२० मध्ये लोकांनी दोर लावून पाडला आणि ओढत नेऊन बंदरात ढकलला. केपटाउन विद्यापीठातला ऱ्होड्स २०१५ मध्ये विद्यापीठानंच क्रेन लावून उतरवला. मुंबईचा ‘काळा घोडा’, म्हणजे घोड्यावरचा सातवा एडवर्ड, १९६५ साली तिथून काढून राणीच्या बागेत नेला. पाडला, उतरवला, हलवला. इतकी क्रियापदं हाताशी असताना वर्तमानपत्रं ‘हटवला गेला’ का लिहितात? कुणी, ते सांगायला नको म्हणून!

जुनं नाशिक : अगदी. पण ‘हटवणे’ हिंदी म्हणून टाळू नका हं. हटणे, मागे हटणे मराठीत रुळलेलं आहे.

गंगापूर रोड : पुतळा शब्दाकडे कुणी पाहिलंच नाही. चौकात बसवतात तोही पुतळा, मोर्च्यात जाळतात तोही पुतळा. ब्राँझचा की गवताचा, ते क्रियापदावरूनच कळायचं. मूर्तीचं तसं नाही. तिची प्राणप्रतिष्ठा होते, भंगली तर गोदेत विसर्जन. पुतळ्याचं थाटात अनावरण करतो, पण तो मानानं उतरवायचा तर त्याला शब्द नाही. आणि ‘विटंबना’ पाहा. चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, चपलांची माळ घातली. त्याला आपण विटंबना म्हणतो? नाही. विटंबना होते ती आपण ज्याला मानतो त्याची.

पंचवटीकर : हा मुद्दा मुलीला देतोच! होळकर पूल पूर्वी व्हिक्टोरिया पूल होता, तेही सांगावं का?

सिडकोवाली : नको, ते नामांतर. कान्हेऱ्यांचं नाव मैदानाला देऊनही रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’च सांगावं लागतं, पण तो वेगळा विषय. वेळेची घंटा वाजेल.

पंचवटीकर : मग मांडणी अशी : ‘वसाहतवादी सत्तेच्या गौरवासाठी उभारलेले पुतळे सार्वजनिक जागेतून काढावेत का?’

जुनं नाशिक : ‘गौरवासाठी उभारलेले’ फार उत्तम, टिळक आपोआप सुटले. विषय बदलू देणार नाहीत, पण पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘आम्ही याचा अर्थ असा घेतो’ म्हणायला कुणाची हरकत नसते.