बोस्टनचा वेढा: इंग्रजांना सुखरूप जाऊ दिलं ही चूकच ना?

सदाशिवपेठी
नुकताच लेकीकडे बोस्टनला दोन महिने राहून आलो. तिथे ओल्ड साऊथ म्हणून एक जुनं सभागृह आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या बंडखोर फौजेने बोस्टनमधल्या इंग्रजांना वेढा घातला होता, त्या वेढ्यात इंग्रजांनी आतली बाकं उखडून सरपणाला जाळली आणि जमिनीवर माती पसरून चक्क घोडे फिरवले, म्हणजे आपल्या देवळाच्या सभामंडपात पागाच म्हणा ना. डोकं फिरलं ते बघून. एप्रिल १७७५ पासून अकरा महिने वेढा, शेवटी ४ मार्च १७७६ च्या रात्री वॉशिंग्टनच्या लोकांनी डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर मोर्चे बांधले, सकाळी इंग्रज बघतायत तर गाव आणि बंदर दोन्ही तोफेच्या टप्प्यात! आणि मग काय, तर गावातल्या पंचांकडून इंग्रजांचा निरोप आला की आम्हाला छेडू नका, आम्ही गाव जाळत नाही, आणि १७ मार्चला इंग्रजांचा सेनापती जनरल हाऊ अख्खी फौज जहाजांत भरून निघून गेला. तोच हाऊ उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उतरला, ऑगस्टमध्ये लाँग आयलंडला वॉशिंग्टनला धू धू धुतला, आणि ते शहर १७८३ पर्यंत इंग्रजांकडेच. तावडीत आलेला शत्रू सोडायचा असतो का? आपण मराठेही १७७९ मध्ये तळेगावजवळच्या वडगावला कोंडलेले इंग्रज सोडून हेच करून बसलो होतो.

कोथरूडची_सून
काका, सोडायला आधी धरावा लागतो. वॉशिंग्टनकडे आरमार कुठे होतं? आणि दारूगोळ्याची बोंब तर विचारूच नका, १७७५ च्या ऑगस्टमध्ये मोजदाद केली तर माणशी नऊ फैरींपुरती दारू निघाली, नऊ! तोफासुद्धा हेन्री नॉक्सने टिकोंडेरोगाच्या किल्ल्यातून आणल्या, साठेक तोफा, बैल आणि घसरगाड्या लावून बर्फातून. हा नॉक्स पंचविशीचा पुस्तकविक्या बरं का. उद्या आप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला सांगा तोफा आण म्हणून. आणि गाव लाकडी घरांचं, पलीकडचं चार्ल्सटाऊन बंकर हिलच्या लढाईत जाळलंच होतं, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. आत अजून हजारो लोक अडकलेले. स्वतःचंच गाव जाळून घेऊन कोणतं स्वातंत्र्य मिळवायचं होतं?

तळेगावकर
सदाशिवपेठी, वडगाव इथे बसत नाही. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय म्हणून जरा लांबण लावतो. राघोबादादांना पुण्यात आणायला मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली, बरोबर एकोणीस हजारांवर बैल, त्यामुळे चाल गोगलगायीची. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावला पोचले तर आपल्या लोकांनी गाव जाळून रिकामं केलेलं, दाणा नाही वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून गुपचूप मागे फिरले आणि वडगावला चारी बाजूंनी कोंडले गेले. सांगा, वडगावला समुद्र कुठे होता? बोस्टनला बंदर शेवटपर्यंत इंग्रजांच्या हातात, रसद जहाजाने, वेढा नुसता जमिनीकडून. शिवाय वडगावला फुकट सोडलं नाही, साष्टीसकट १७७३ पासून घेतलेलं सगळं परत द्यायचा तह आणि वर दोन ओलीस. मुंबईने तह झुगारला तो त्यांचा खोटेपणा.

सदाशिवपेठी
झुगारणारच होते हो! नाना आणि महादजी काय कच्चे होते? तरी कागदावर विश्वास ठेवला, आणि १७८० मध्ये इंग्रज सेनानी गोडार्डने अहमदाबाद घेतलं, डिसेंबरात वसई. चिमाजी अप्पांची वसई! बरं तिकडे तर कागदसुद्धा नाही. पंचांच्या त्या पत्रावर हाऊची सही नव्हती म्हणून वॉशिंग्टनने उत्तरच दिलं नाही. म्हणजे शत्रूही गेला आणि लेखी काही नाही.

कोथरूडची_सून
अहो तेच तर डोकं! उत्तर दिलं असतं तर शब्दात अडकला असता. काही कबूल केलं नाही, मोर्चे पुढे सरकवत राहिला, समोरच्याला वाटत राहिलं की हा कधीही आग ओकेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही का काही जण हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत, तसं.

तळेगावकर
आणि हाऊने आधी हल्ल्याचीच तयारी केली होती हेही सांगा. वादळ आलं म्हणून बेत फिसकटला. पावसाने वाचवलेल्या लढाया मावळात राहणाऱ्याला समजवाव्या लागत नाहीत.

वैद्यबुवा
एक बारकावा सगळे विसरताय. गावात देवीची साथ होती. इंग्रज गेल्यावर वॉशिंग्टनने आत आधी पाठवले ते ज्यांना देवी येऊन गेल्या होत्या असेच शिपाई. लढून आत घुसले असते तर शत्रूच्या गोळ्यांपेक्षा देवीनेच जास्त माणसं गेली असती. आणि फौजेबरोबर राजनिष्ठ बोस्टनकर हजारभर गेले, घरदार टाकून आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला. त्यांच्यावर पण कोणीतरी धागा काढा, ते कोणाच्याच बाजूला धड नाहीत.

सदाशिवपेठी
देवीचं लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण जहाजं बंदरातून बाहेर पडताना वरून दोन-चार गोळे टाकायला काय जात होतं?

कोथरूडची_सून
दारू, काका. दारू जात होती.