दुसऱ्याच्या दुःखाला 'देवाची योजना' म्हणायचा हक्क आपल्याला आहे का?

नगरकर (धागाकर्ता)

आमच्या मंडळीतला (चर्चमधला) एक कॉलेजात जाणारा मुलगा रस्ता अपघातात गेला. दफनविधीनंतर घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने त्याच्या आईला एकच सांगितलं, "ताई, यातही देवाची योजना आहे." ती माउली नुसती मान हलवत होती. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

देव माणसाच्या आयुष्याला दिशा देतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण अमुक दुःखात देवाचा हेतू होता हे म्हणायचा हक्क ज्याच्यावर ते बेतलं त्याचा, आणि तोसुद्धा मागे वळून बघताना. भेटायला आलेल्याचा नाही.

योसेफाचं बघा. भावांनी विकलं, मिसरात तुरुंगात पडला, आणि कितीतरी वर्षांनी त्याच भावांना म्हणाला, तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवाने त्यातून भलं योजलं (उत्पत्ती ५०:२०). हे तो स्वतः म्हणाला. तो तुरुंगात असताना कोणी येऊन त्याला हे ऐकवलं नव्हतं. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र मात्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला (ईयोब ४२:७).

दुसरं, यिर्मया २९:११. 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' हे वचन. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर वचनाची कार्डं उचलताना हे ज्याच्या हाती येतं तो खूश होतो. नोकरी लागणार, व्हिसा मिळणार, लग्न जुळणार! पण हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं आहे. ते पत्र बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना आहे आणि लगेच आधीच्या ओवीत सत्तर वर्षं लिहिली आहेत. म्हणजे ऐकणारे बहुतेक जण परदेशातच मरणार होते. तोपर्यंत त्यांनी करायचं काय? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याच काळात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगत होता, आणि यिर्मयाने त्याला खोटा ठरवलं. आपण वचन यिर्मयाचं घेतो आणि अर्थ हनन्याचा लावतो.

साक्षीदार

नगरकर, हनन्याचा मुद्दा एकदम मान्य. बाकी पटलं नाही.

प्रभूने सांगितलंय की दोन चिमण्या एका पैशाला विकल्या जातात, तरी त्यांतली एकही पित्यावाचून जमिनीवर पडत नाही (मत्तय १०:२९). आता यातून अपघात वगळायचा कसा? सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनने यावर पानंच्या पानं लिहिली, ती काही हौस म्हणून नाही. त्याचं स्वतःचं तान्हं मूल गेलं, बायको गेली. तो म्हणे, जगात 'नशीब' नावाची गोष्टच नाही, सगळं पित्याच्या हातात आहे, आणि श्रद्धावानाला झोप लागते ती याच भरवशावर. तुमच्या मताने गेलं तर देव काही गोष्टींच्या वेळी दुसरीकडे बघत होता असं होतं. मग प्रार्थना तरी कशाला करायची?

शिवाय योहान ९ विसरलात. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं? येशू म्हणाला, कोणाचंच नाही, देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून. इथे हेतू त्या आंधळ्याने नाही सांगितला, दुसऱ्यानेच सांगितला.

नगरकर

सांगितला, आणि पुढच्याच क्षणी मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांना लावला. त्याला दृष्टी आली. ते करता येणार असेल तर आपणही बोलावं.

देव दुसरीकडे बघत होता असं मी म्हणालोच नाही. सगळं त्याच्या हातात आहे हे मलाही मान्य आहे. पण त्याच्या हातात असणं वेगळं आणि त्याच्या मनातलं मला कळणं वेगळं.

मुक्तीची_नात

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या आश्रमात वाढली, म्हणून त्यांचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही.

रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा जेमतेम तान्ही. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. का गेल्या? उपाशी पोटाने मैलोन् मैल चालणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी लिहून ठेवलंय. पुण्यामुंबईच्या दुसऱ्या कुणा विद्वानाला तिथे जावंसं वाटलं असतं का? मला यात देवाचा हात दिसतो. त्या दुष्काळातूनच देवाने त्यांना घडवलं. आणि हे मी रमाबाईंच्या वतीने बोलतेय, कारण त्या बायकांमध्ये माझ्या आजीची आई होती.

वादी_प्रतिवादी

मी ख्रिस्ती नाही, श्रद्धाळूही नाही, पण प्रश्न मनापासून विचारतोय. त्याच दुष्काळात ज्या मुलींपर्यंत रमाबाई पोहोचल्या नाहीत, त्यांच्यासाठी योजना काय होती?

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये भूकंप झाला. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये. छपरं अंगावर पडली, मागून समुद्र आला, मग आग. काही धर्मगुरूंनी ती देवाची शिक्षा ठरवली. वाचलेला म्हणतो, देवाने मला राखलं. मेलेल्याची बाजू कोणी मांडत नाही. ही सगळी मांडणी वाचलेल्यांनी केलेली असते, हे तुम्हा लोकांना खुपत नाही का?

वसईकर

खुपतं, फार खुपतं. आणि ते येशूलाही ठाऊक होतं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं त्यानेच विचारलं आणि उत्तर 'नाही' असं दिलं (लूक १३:४).

आम्ही कॅथलिक लोक यात एक फरक करतो. देव काही गोष्टी इच्छितो आणि काही होऊ देतो. मध्ययुगातला आमचा धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या मते देव जग चालवतो ते खऱ्याखुऱ्या कारणांमार्फत. ट्रकचा ब्रेक निकामी झाला तर तो खरोखरच निकामी झाला, आणि तो दुरुस्त करून घेणं मालकाचं काम होतं. दर वेळी 'योजना' म्हटलं की त्या मालकाला कोणी जाब विचारत नाही. मला हे पापच वाटतं.

आणि योजना म्हणजे झालेल्या गोष्टींचा अर्थ लावणं एवढंच कुठे आहे? १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा (पुढे जेझुइट संघ काढणाऱ्या संताचा) पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की लढाया आणि मानमरातबाची स्वप्नं रंगवली की नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद टिकतो. तिथून त्याने मनातल्या हालचाली पारखायची रीत बसवली. गोळा देवाने मारला का, यावर तो अडून बसला नाही. आता पुढे काय करू, एवढंच विचारलं.

आशा_२१

इतका वेळ नुसती वाचत होते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझे मिस्टर गेले. दफनाला चार माणसं, घरी यायची कोणाला परवानगी नाही. आमच्या मंडळीतल्या एका आजींचा फोन आला. त्या स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. त्यांनी नेमकं हेच वाक्य म्हटलं, "बाळा, देवाचा हेतू आहे, आज नाही कळायचा." नगरकर भाऊ, तुमच्या हिशोबाने त्यांना तो हक्क नव्हता. पण मी त्या वाक्यावर उभी राहिले. दुसरं धरायला काही नव्हतं.

नगरकर

ताई, तुमच्यापुढे मी काय बोलणार. पण त्या आजी बाहेरच्या नव्हत्या. त्यांनी ते दुःख भोगलं होतं, आणि 'आज नाही कळायचा' असंही म्हणाल्या. आमच्याकडे आलेल्यांनी दोन्ही गोष्टी गाळल्या.

आशा_२१

नाही भाऊ. आजी कोण होत्या म्हणून ते वाक्य टिकलं नाही. ते खरं आहे म्हणून टिकलं. उद्या एखाद्या अडाणी माणसाने चुकीच्या वेळी म्हटलं तरी ते खरंच राहील.

साक्षीदार

आशाताई, आमेन.

वादी_प्रतिवादी

ताईंबद्दल आदरच आहे. पण माझा प्रश्न तसाच राहिला. देवाने आपल्यासाठी काय केलं हे सांगायच्या तुमच्या साक्षीच्या सभेत माइक कोणाच्या हातात जातो? ज्याचं ऑपरेशन यशस्वी झालं त्याच्या. ज्याचं झालं नाही त्याची बायको मागच्या बाकावर बसलेली असते.

वसईकर

बरोबर बोललात, आणि हे आम्ही सुधारायलाच हवं. पवित्र शास्त्राने ती चूक केलेली नाही. बायबलमधलं इब्री लोकांना लिहिलेलं पत्र, अध्याय ११ काढून बघा. विश्वासाने कोणी सिंहांची तोंडं बंद केली, कोणाला मेलेली माणसं परत मिळाली. आणि तिथेच, ३५ व्या ओवीच्या मध्यावर, 'इतर काही' सुरू होतात: चाबकाचे मार, बेड्या, दगडमार, करवतीने चिरलेले, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकलेले. त्यांना वचन दिलेलं मिळालं नाही, असं लेखक सरळ लिहितो. तरी तेही त्याच यादीत, त्याच विश्वासाखाली. पुढच्या साक्षीच्या सभेत मी ही दुसरी अर्धी ओवी वाचणार आहे, आणि माइक मागच्या बाकावर नेऊन देणार आहे. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी बोलावं. योजना दिसत नाही असं म्हणायचं असेल, तर तेही म्हणावं.