कुरळे केस पावसाळ्यात फुगतात, स्मूदनिंग (केमिकलने केस सरळ करणं) करू का?

कुरळी_पुणेकर: शाम्पू बदलून झाले, जवसाचं जेलही लावते, तरी जून लागला की डोक्याचं नुसतं टोपलं होतं आणि आई म्हणते चप्प तेल लावून वेणी घाल. कंटाळा आलाय, स्मूदनिंग करून टाकू?

माऊ: अगं नको! नवीन केस मुळाशी कुरळेच येणार, मग टचअप करत बसायचं. कोरडे केस विंचरणं बंद कर आधी, कंडिशनर लावलेलं असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढ, टोकांकडून वर.

निवांत: पाणी बोअरचं आहे का? क्षार साठून केस राठ होतात, अधूनमधून कीलेटिंग शाम्पू (साठलेले क्षार काढणारा) वापरा. जेलात ग्लिसरीन असेल तर दमट हवेत ते ओलावा ओढतं, अजून फुगणार.

कुरळी_पुणेकर: बोअरचंच 😭 उन्हाळ्यात टँकर.

माऊ: आणि टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, जुना सुती टीशर्ट घे.