घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांसाठी घोड्यांचं मासिक: विकत घ्यावं की आपणच काढावं?

रेसकोर्सरोडवाली (प्रश्न)

इंदूरला राइडिंगच्या क्लासला जाणाऱ्या नऊ ते तेरा वयाच्या मुलांसाठी विचारते आहे. सगळी मिळून दहा मुलं आहेत, त्यातली निम्मी मराठी घरांतली. घोड्यांविषयी दर महिन्याला काहीतरी वाचायला मिळावं अशी त्यांची फार इच्छा आहे. 'किशोर' आणि 'चकमक' येतातच, पण त्यांत घोडा कधीमधी भेटतो. फक्त घोड्यांना वाहिलेलं मुलांचं मासिक मराठीत किंवा हिंदीत मला सापडलं नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. परदेशी मासिकं आपल्या मुलांच्या कितपत कामाची? त्यांतला कुठला मजकूर इथे लागू पडत नाही? आणि मुलांनी स्वतःचा अंक काढायचा म्हटलं तर त्यात काय असावं आणि छपाई कशी करावी? छापील प्रती वीस-पंचवीसच लागतील.

खोगीर

परदेशी मासिकांत ब्रिटनचं 'पोनी' सगळ्यांत जुन्या नावांपैकी, १९४९ पासूनचं. अमेरिकेचं 'यंग रायडर'ही याच वयोगटाचं आहे, पण त्यात वेस्टर्न (काउबॉयांच्या) पद्धतीच्या खोगिरावरचे लेखही असतात. आपल्याकडे क्लासमध्ये बहुतेक इंग्लिश पद्धत शिकवतात, त्यामुळे ते लेख मुलांना गोंधळात टाकतात. छापील अंक टपालाने मागवण्यापेक्षा डिजिटल आवृत्तीचा एकच सुटा अंक आधी घ्या, मुलांसमोर ठेवा आणि मगच वर्गणीचं बघा.

या मासिकांत बसण्याची ढब, हातांची उंची, वर्तुळ गोल कसं राखायचं, जमिनीवर मांडलेल्या काठ्यांवरून ट्रॉट (दुडकी चाल) कसा करायचा हे चित्रांसह फार छान दिलेलं असतं. ते खुशाल वाचू द्या. फक्त काठ्यांमधलं अंतर तसंच्या तसं उचलू नका. तिथली मापं बहुधा लहान पोनींसाठी असतात, एक ते सव्वा मीटरची. क्लासचा घोडा उंचीने पंधरा हातांच्या (सुमारे दीड मीटर) आसपास असेल तर त्याला १.३ ते १.४ मीटर लागतं. अंतर कमी पडलं की त्याचा पाय काठीवर पडतो, काठी घरंगळते आणि तो अडखळतो. काठ्या मांडायच्या त्या प्रशिक्षकानेच.

उंचीबद्दलही मुलांना आधीच सांगून ठेवा. एक हात म्हणजे चार इंच, आणि १४.२ म्हणजे चौदा हात दोन इंच. तो दशांश नाही, त्यामुळे १४.५ असा आकडा असूच शकत नाही. १४.२ पर्यंत पोनी, त्यापुढे घोडा, असा ढोबळ हिशेब.

निगेचे लेख मात्र थेट वापरू नयेत. तिथे हिवाळ्यात घोड्याचे केस कापून झूल घालायचं सांगतात, आणि वसंतात कोवळं गवत जास्त खाल्ल्याने खुरांना सूज येते म्हणून कुरणावर सोडताना जपायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपला घोडा दिवसभर कुरणावर नसतो, तो तबेल्यात उभा असतो. आपले प्रश्न वेगळे: उन्हाळ्यात पाणी कमी पडून होणारा पोटशूळ, पावसाळ्यात ओल्या थरावर उभं राहून सडणारे खूर, आणि गव्हाचा कोंडा. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. महिनोन्महिने कोंड्यावरच भर दिला की हाडांतलं कॅल्शियम निघत जातं आणि जबडा सुजल्यासारखा दिसू लागतो. परदेशी अंकात हे क्वचितच येईल, कारण तिथे कोंडा मुख्य खुराक म्हणून कुणी घालत नाही.

चंदी_तोबरा

स्वतःचा अंक जरूर काढा. विकतच्या मासिकात मुलं दुसऱ्यांचे घोडे बघतात. स्वतःच्या अंकात ती ज्या घोड्यावर बसतात तो घोडा मोजून, बघून, नोंदून लिहितात, आणि घोडा कळतो तो त्यातूनच. म्हणून दर अंकात एक पान मोजण्याचं ठेवाच.

पहिल्या अंकाला वजनाचं पान घ्या. शिवणकामाची टेप घेऊन पुढच्या पायांच्या लगेच मागून, वर खांद्यावरच्या उंचवट्यामागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, की वजन किलोत येतं. उदाहरणार्थ घेर १६५ आणि लांबी १४५ असेल तर साधारण ३३२ किलो. टेप श्वास सोडल्यावर वाचायची आणि ती पाठीवर तिरकी जाऊ द्यायची नाही. सूत्रात घेराचा वर्ग आहे, म्हणून घेरातली पाच सेंटिमीटरची चूक वजनात वीस किलोने दिसते. टेप धरायला मोठं माणूस, आकडा लिहायला मूल.

या एका आकड्यावर पुढची तीन पानं उभी राहतात. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे या घोड्याला पाच ते साडेसहा किलो. मुलांनी तबेल्यातल्या पेंढ्या काट्याला लावून बघाव्यात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये असं सर्वसाधारणपणे मानतात, म्हणजे इथे ६६ किलो. याच घोड्यावर कोण बसू शकतं आणि कोण नाही, हे मुलं स्वतः काढतील. तिसरं पान पोटाचं. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर मात्र आठ ते पंधरा लिटरचंच असतं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. म्हणूनच चंदी (दाण्याचा खुराक) थोडी थोडी, दिवसातून अनेकदा. खुराक बदलायचा तर आठवडा-दहा दिवसांत हळूहळू.

दुसऱ्या अंकाला श्वास आणि नाडी. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडीचे ठोके २८ ते ४४, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश. श्वास मोजणं मुलांना सहज जमतं: बाजूला उभं राहून कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची. नाकपुड्यांकडे बघून मोजू नये, कारण घोडा मुलाचा वास घेऊ लागतो आणि आकडा फुगतो. तापमान मुलांनी घ्यायचं नाही, ते सईसाने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) किंवा डॉक्टरांनी. एकाच घोड्याचे एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरचे आकडे शेजारी छापा. उन्हाळ्यातला फरक तक्त्यात आपोआप दिसेल.

सरावाच्या मैदानाचा नकाशा हवाच, कडेच्या खुणेच्या इंग्रजी अक्षरांसह. २० बाय ४० मीटरचं मैदान ए-फाइव्ह पानावर एक सेंटिमीटरला दोन मीटर या प्रमाणात काढायला जाऊ नका. २० सेंटिमीटर लांबीच लागते आणि अक्षरं लिहायला जागा उरत नाही. अडीच मीटरला एक सेंटिमीटर धरा, मग चौकोन ८ बाय १६ होतो. खालच्या आखूड बाजूच्या मध्यावर ए, वरच्या मध्यावर सी. ए कडून आत बघताना डाव्या लांब बाजूवर खालून वर के, ई, एच आणि उजव्या बाजूवर एफ, बी, एम. कोपऱ्यापासून पहिलं अक्षर ६ मीटरवर, म्हणजे कागदावर २.४ सेंटिमीटर. तिथून पुढचं १४ मीटरवर, म्हणजे ५.६. मध्यबिंदूला एक्स. यावर मुलं पेन्सिलीने आपला सराव आखतील, तो खोडता यावा म्हणून हे पान चकचकीत कागदावर नको.

इंदूरच्या मुलांसाठी एक लेख तर तयारच आहे. २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (ठरलेल्या चाली घोड्याकडून नेमकेपणाने करून घेण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण भारताने जिंकलं, १९८२ नंतरचं घोडेस्वारीतलं पहिलं सुवर्ण. त्या संघातली सुदीप्ती हजेला इंदूरची, तिचा घोडा चिन्स्की. चार स्वारांपैकी सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात: अनुष अगरवाला ७१.०८८, हृदय छेडा ६९.९४१, दिव्यकृती सिंग ६८.१७६. बेरीज मुलांना करू द्या, २०९.२०५ आली पाहिजे. मग विचारा, चौथा स्वार कशाला? तिघांपैकी एखाद्याचा घोडा बिथरला किंवा बाद झाला तर चौथ्याचे गुण संघाला तारतात, म्हणून बाकीचे तिघे मोकळेपणाने खेळतात.

आणि एक पान विषारी झाडांचं. कण्हेर इंदूरच्या दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कुंपणांना सर्रास दिसते. तिची थोडी पानंही घोड्याचं हृदय बंद पाडू शकतात, आणि वाळलेली पानंही तितकीच विषारी. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळतात तो खरा धोका. हे पान रंगीत छापा, पैसे दुसरीकडे वाचवा.

खजुरी_बाजार

छपाईचं सांगतो. ए-फोर कागद मधोमध दुमडून ए-फाइव्ह अंक करा. पानसंख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. सोळा पानांना चार कागद लागतात. मांडणी अशी: पहिल्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. दुसरा १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसरा १२ आणि ५, मागे ६ आणि ११. चौथा १० आणि ७, मागे ८ आणि ९. शेजारच्या दोन पानांची बेरीज कायम १७ आली पाहिजे, तपासायला हे पुरेसं आहे. दुहेरी छपाईत कागद आखूड कडेवर उलटायची सूचना द्या. लांब कडेवर उलटला तर मागची पानं उलटी येतात. आधी एकच प्रत काढून, दुमडून बघा, मगच बाकीच्या.

आतला कागद ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), मुखपृष्ठ १७० च्या आसपास, तेही घडीवर दाबरेषा मारून दुमडलेलं, नाहीतर शाई घडीवर तडकते. मुखपृष्ठ वेगळ्या कागदाचं केलंत तर ती चार पानं सोळात धरायची की वर, हे आधी ठरवा. चारही बाजूंना किमान एक सेंटिमीटर समास ठेवा, प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाही. टाचण्या मारायला लांब हाताचा स्टेपलर लागतो, साधा मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. खजुरी बाजारात स्टेशनरीवाल्यांकडे मिळेल, आणि वीस प्रतींसाठी दुकानदारच मारून देतात.

सगळ्यांत जास्त घोळ अक्षरांचा होतो. वर्ड फाइल दुकानात उघडली आणि तिथे तुमचा फाँट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. इंदूरच्या टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर काम करणारे अजून आहेत. युनिकोडमधला मजकूर त्यांच्याकडे गेला की रूपांतरात रफार आणि वेलांट्या जागा सोडतात. घरीच 'मुक्त' (Mukta) किंवा 'बालू' (Baloo) हा मोफत फाँट वापरून पीडीएफ करा, आणि पेन ड्राइव्हवर फक्त पीडीएफ द्या. नऊ वर्षांच्या मुलासाठी अक्षर १४ पॉइंटचं आणि ओळींत मोकळं अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

मुलांची चित्रं पेन्सिलीची असतील तर फोटोकॉपीत फिकी पडतात. काळ्या जेल पेनाने गिरवून घ्या. पूर्ण पानाचा फोटो असेल तर १७४८ बाय २४८० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

रेसकोर्सरोडवाली

खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका: घोड्याचे फोटो मोबाइलवर नेहमी डोकं मोठं, मागचं अंग बारीक असे येतात. त्याला उपाय? आणि 'पोनी'मधली चित्रं अंकात वापरली तर चालतील का?

खोगीर

नाही, ती चित्रं वापरू नका. मालकी त्यांची आहे, आणि पंचवीस प्रती वाटणं म्हणजे प्रकाशनच झालं.

डोकं मोठं येतं कारण जवळून काढता. पाच-सहा मीटर मागे जा, दुप्पट झूम लावा, फोन घोड्याच्या खांद्याच्या उंचीला धरा आणि अगदी बाजूने काढा. सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागे हवं. फ्लॅश बंद. कान पुढे यावेत म्हणून कुणीतरी समोर लांब उभं राहून चाऱ्याची पिशवी हळूच वाजवायची. घोड्याला बरोबर शेपटीमागे आणि कपाळासमोर दिसत नाही, त्यामुळे फोटोवाल्याने मागून फिरून जाऊ नये.

चंदी_तोबरा

फोटोंबद्दल माझीही एक भर. घोड्यावर बसलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हेल्मेट आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असेल तोच फोटो घ्या. सायकलचं हेल्मेट चालत नाही. आत पीएएस ०१५ किंवा एएसटीएम एफ११६३ असं लेबल बघा. बूट टाचेचे, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. मुलं अंकातलं बघून तसंच करतात, म्हणून मुखपृष्ठासाठी कितीही सुंदर असला तरी बिनहेल्मेटचा फोटो परत करा. चेहरे छापण्याआधी प्रत्येक घरून होकार घ्या, आणि नावापुढे शाळा किंवा पत्ता नको.

पहिला अंक दिवाळीत काढणार असाल तर मोजमापं सप्टेंबरातच उरकून घ्या. नवरात्रात बऱ्याच तबेल्यांतले घोडे मिरवणुकांना जातात, आणि तेव्हा टेप धरायला सईसाला वेळ नसतो.